गोदामातला हिवाळा

जिजाचा हात चुकून लागला तर माणूस दचकतं. ऐन वैशाखात, खालापूरच्या बाजारात उन्हानं डांबर पाघळत असताना बांगड्या भरणारी कासारीण तिचा हात हातात घेते आणि क्षणभर थांबते. मग बांगडी सरकवते. गावातल्या बायकांना याची सवय झाली आहे. लहान पोरं मात्र अजून हात मागे ओढून घेतात, आणि जिजा हसून म्हणते, "काय नाय रं, मी जराशी बर्फातली हाय."

ती हसते, पण ते खरं आहे.

लग्न होऊन ती या गावी आली तेव्हा हायवेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, एक कोल्ड स्टोरेज नुकतंच उभं राहिलं होतं. गाव त्याला बर्फाचं गोदाम म्हणायचं. गोठवलेले मटार, मक्याचे दाणे असला माल तिथे यायचा आणि मुंबईच्या हॉटेलांना जायचा. जिजाचा नवरा राजेश तेव्हा भातशेती सांभाळून मिळेल ते काम करायचा. जिजा गोदामात गोण्या मोजून रचायच्या कामाला लागली. आत जाताना बायका साडीवर जुने कोट चढवायच्या आणि बाहेर आल्या की उन्हात भिंतीला पाठ लावून बसायच्या.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. बायका भाकरी खायला बाहेर आल्या. जिजा मागे राहिलेला कोट आणायला परत आत गेली आणि तेवढ्यात कुणीतरी, आत गारवा टिकावा म्हणून, दार लोटून घेतलं. त्या दाराला आतलं हँडल नव्हतं. तुटलं होतं आणि कुणी बसवलं नव्हतं. मुकादमाला वाटलं, जिजा घरी गेली. बायकांना वाटलं, ती मुकादमाकडे आहे. वीज काही आली नाही, म्हणून दुपारची पाळी सोडून दिली, दाराला बाहेरून कुलूप पडलं आणि सगळे पांगले.

वीज गेली होती म्हणूनच ती वाचली, असं नंतर डॉक्टर म्हणाले. पंखे चालू असते तर दिवस मावळेपर्यंत ती उरली नसती. पण वीज गेली म्हणून आत काळोखही तसाच होता. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागत होतं. जिजानं आधी दार ठोठावलं, मग ओरडली, मग घसा बसला. गोणपाटं हाताला लागली ती अंगाभोवती गुंडाळून ती भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं थंडी वाजायची थांबली. झोप यायला लागली, आणि ती झोप तिला फार चांगली वाटली.

तेव्हा पाठीमागच्या पत्र्यावर टकटक झाली.

अगदी बारीक. लांबून आल्यासारखी. जिजानं बोटाची पेरं वळवून पत्र्यावर आपटली. पलीकडून उत्तर आलं. ती थांबली की पलीकडून टकटक व्हायची; पलीकडची थांबली की ती आपटायची. असं किती वेळ चाललं ते तिला सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की झोपेनं मान खाली गेली की ती टकटक जोरात व्हायची, जशी कुणी हाक मारावी.

संध्याकाळी टेंपोवाला पोपट माल भरायला आला. वीज नसली तरी माल नेण्याचं ठरलेलं होतं, म्हणून त्यानं चौकीदाराकडून चावी घेऊन दार उघडलं. जिजा भिंतीला टेकून बसली होती. बोटांची सालटं निघाली होती, पत्र्यावर रक्त होतं, आणि तरी ती आपटतच होती. पोपटनं तिला उचललं तेव्हा तिनं त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि म्हणाली, "ती पलीकडं हाय. तिला पण काढा."

पलीकडचं चेंबर फरशी फुटल्यामुळे कित्येक महिने कुलपात होतं. लोकांनी दाराच्या काचेतून बॅटरी मारून पाहिलं. आत रिकामी जमीन दिसली. थंडीनं डोकं भ्रमलं असं सगळ्यांनी ठरवलं, आणि जिजानंही पुढे तो विषय काढला नाही. फक्त एक गोष्ट तिच्या मनात राहून गेली: आपण 'ती' का म्हणालो? आवाज तर ऐकला नव्हता. टकटकीवरून बाई आहे का बाप्या हे कसं कळणार? पण तिला ते कळलं होतं.

मग तो धंदा बुडाला आणि गोदाम बंद पडलं. घाणेरीची झुडपं दारापर्यंत आली. जिजाला एक मुलगी झाली, सुप्रिया. ती शिकली, लग्न होऊन मोहोपाड्याला गेली. जिजाच्या हातांचा गारठा मात्र त्या दिवसापासून गेला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. काही निघालं नाही.

दोनेक वर्षांमागे त्या गोदामाशी एक जीप येऊन थांबली. कर्जतचा सुफियान होता तो. घरचं हार्डवेअरचं दुकान सोडून शेतकीचं शिकलेला, मग बरीच वर्षं हिमाचलात काढून परत आलेला. त्यानं गोदाम भाड्यानं घेतलं, झुडपं काढली, एका चेंबरचं यंत्र दुरुस्त केलं आणि गावात सांगितलं, की बांबूच्या रोपांवर काम करायला माणसं हवीत. आणि काम थंडीत आहे.

गावातून कुणी गेलं नाही. जिजा गेली.

"डोकं फिरलंय का गं तुजं?" राजेश म्हणाला. "त्या दारातून परत आत जानार तू?"

"त्याच दारातून जायचंय म्हून तर जाते," जिजा म्हणाली. याहून जास्त तिलाही सांगता आलं नसतं.

सुफियाननं तिला बसायला खुर्ची दिली आणि काम समजावलं. वर पहाडात रस्त्याकडेचे डोंगरउतार दर पावसात खाली येतात. माती धरून ठेवायला बांबूसारखं दुसरं काही नाही. पण आपला मानगा बांबू, आपला कळक तिकडे नेला तर पहिल्या बर्फातच काळा पडून मरतो. तिथे बर्फ सोसणारा बांबू हवा. असे बांबू आहेत. चीन-जपानकडचे आहेत, आपल्या सिक्कीम-अरुणाचलच्या उंचावरचेही आहेत. कुठला किती थंडी सोसतो ते आधी पारखून घ्यायला हवं.

"मंग ते थंडीच्या गावाला जाऊन पारखा की," जिजा म्हणाली. "इथं खालापुरात कशाला?"

"तिकडं वर्षाला एकच हिवाळा येतो, जिजाताई," सुफियान हसून म्हणाला. "इथं मी वर्षात तीन हिवाळे करीन."

मग तो उठला आणि चेंबरचं दार दाखवायला घेऊन गेला. आतल्या बाजूला नवीन, जाडजूड हँडल होतं आणि शेजारी घंटेचं बटण. "आतून उघडतं. मी स्वतः आत दार लावून उभा राहून बघितलंय. मला लोकांनी सांगितलं तुमचं." जिजानं ते हँडल वरखाली करून पाहिलं. बराच वेळ करत राहिली. सुफियान घाई न करता बाजूला उभा राहिला. त्या क्षणापासून तिला तो माणूस आवडला.

रोपं आली ती पोपटच्याच टेंपोतून. पोपटचे केस आता पांढरे झाले होते. वाटेत पाऊस लागला, ताडपत्री उडाली, आणि रोपांवरच्या कागदी चिठ्ठ्यांचा लगदा झाला. कुठलं रोप कुठलं, काही कळेना. सुफियान डोक्याला हात लावून बसला आणि मग उठून कामाला लागला. एकेक रोप पारखायचं. जिजा शेजारी बसून बघायची, आणि तोही हातानं दाखवत शिकवायचा.

"पान असं उजेडाकडं धरा. काय दिसतं?"

"शिरा हायेत. उभ्या."

"नीट बघा. उभ्या शिरांच्या मधे बारीक आडव्या रेघा आहेत का? विटांची भिंत असते तशी?"

जिजानं डोळे बारीक केले. खरंच, त्या पानात भिंत बांधलेली होती. इवल्या इवल्या विटांची.

"ज्याच्या पानात ही भिंत स्पष्ट दिसते तो बहुतेक थंडीचा असतो. आपल्या मानग्याचं पान धरा, दिसायची नाही. पण एवढ्यावरच भागत नाही." मग त्यानं काठी हातात दिली. काहींची काठी गोल होती. काहींच्या काठीला मात्र प्रत्येक पेराच्या वर एका बाजूनं चपटी पन्हळ होती, बोट फिरवलं की लागायची. आणि त्याच बाजूनं दोनच फांद्या फुटलेल्या, एक थोरली, एक धाकटी. "हा पळता. याचा कंद जमिनीखालून धावतो आणि लांब जाऊन वर येतो. थंडीला फार चिवट. आणि हा बसका, एका जागी बेट करून राहणारा. कोंबावरची टोपीसुद्धा प्रत्येकाची वेगळी. तिच्यावर लव आहे का, ठिपके आहेत का, बघत जायचं."

बरीचशी रोपं अशी ओळखता आली. काही आली नाहीत. त्यांचा निवाडा थंडीच करेल, असं सुफियान म्हणाला.

थंडीही एकदम द्यायची नव्हती. आधी दिवस लहान करत आणायचे, म्हणजे दिवे लवकर मालवायचे. खत बंद. मग गारवा पायरीपायरीनं वाढवायचा, म्हणजे झाडाला कळतं की हिवाळा येतोय. मुळांवर भाताच्या तुसाचा आणि पाचोळ्याचा जाड थर. गोठण पडायच्या आधी भरपूर पाणी, कारण थंडीच्या देशात झाड गारठ्यानं जेवढं मरतं त्याहून जास्त सुकून मरतं. जमिनीतलं पाणी बर्फ झालं की मुळांना ते ओढता येत नाही आणि वारा पानं सुकवत राहतो. जिजा हे सगळं भाताच्या रोपांसारखं जीव लावून करायची.

आणि एका सकाळी हिवाळा आला.

बाहेर मुलूख घामानं भिजलेला, ट्रकांचे भोंगे, कावळ्यांची काव काव. जिजानं दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं. दिव्यांचा निळसर उजेड. पानांच्या कडांवर पांढरी रवाळ साय धरलेली. आणि सगळ्या झाडांनी पानं मिटून घेतली होती. एकेक पान सुईसारखं गुंडाळलेलं. खोलीभर बांबू उभा होता आणि त्याला पान म्हणून नव्हतं. मधूनच कुठल्यातरी काठीतलं पाणी गोठून तड असा आवाज व्हायचा आणि मग पुन्हा सामसूम.

"मेले काय वो सगळे?" तिनं विचारलं.

"नाही. अंग चोरून बसलेत," सुफियान म्हणाला. "थंडी वाजते तेव्हा आपण नाही का बसत?"

त्या दुपारी जिजा अगदी तशीच बसली होती. एका काठीला तिनं हात लावला आणि तिला नवल वाटलं. काठी गार लागली नाही. पहिल्यांदाच काहीतरी तिच्या हाताएवढंच गार होतं.

तो हिवाळा संपवून सुफियाननं वसंत आणला. गारवा उतरवला, दिवस मोठे केले. काही रोपं काळी पडून बसली. काहींची पानं उलगडली. वरून मेलेलं दिसतं ते लगेच फेकायचं नाही, हे तिला आता ठाऊक होतं. नखानं काठी खरवडायची. आत हिरवं असेल तर जीव आहे. काठी पूर्ण वाळली तरी कंद जिवंत असू शकतो, तेव्हा कोंबांची वाट बघायची.

कोपऱ्यातली एक मोठी कुंडी, ज्यांचा निवाडा लागला नव्हता त्यांतली, पार गेली होती. काठ्या वाळून खडखडीत. त्याच कुंडीशी खाली बसून जिजा तूस सारखं करत होती, दुपारची, तेव्हा भिंतीतून टकटक आली.

तिच्या हातातून खुरपं पडलं.

बारीक, लांबून आल्यासारखी. तीच भिंत होती. तिची पाठ जिथे टेकली होती तीच भिंत. जिजा उठून सरळ बाहेर आली, उन्हात उभी राहिली, आणि त्या दिवशी काही न सांगता घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थोडा वेळ शांत, मग दोनचार ठोके, मग शांत. तिनं ते मनातच ठेवलं. राजेशला सांगितलं असतं तर त्यानं काम सोडायला लावलं असतं. पण तिचं जेवण कमी झालं. रात्री न झोपता पडून राहायची, आणि सकाळ झाली की लगबगीनं गोदामाकडे निघायची, जसं तिथे कुणी तिची वाट बघतंय.

शेवटी तिनं सुफियानला आत बोलावलं. "काय बोलू नका. नुसतं ऐका."

दोघं उभी राहिली. टक. टकटक.

"पाइप असेल," सुफियान म्हणाला. "गारवा उतरला की धातू फुगतो." त्यानं जाऊन सगळं यंत्र बंद केलं. गोदाम मुकं झालं. आणि त्या शांततेत पुन्हा टकटक झाली.

तेव्हा जिजा पुढे झाली. बोटाची पेरं वळवली, आणि पत्र्यावर तीनदा आपटली.

पलीकडचा आवाज थांबला. आणि मग उत्तर आलं.

सुफियानच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, दुआ असावी, आणि खाली बसला. बसला तेव्हा त्याचा हात त्या मेलेल्या कुंडीवर पडला. आधार म्हणून त्यानं ती धरली, आणि चमकून पुन्हा ओढली. कुंडी जागची हलेना. दोघांनी मिळून जोर लावला. खालून काहीतरी तिला घट्ट धरून होतं.

त्यानं हातोडीनं कुंडी फोडली. मातीच्या गोळ्यातून करंगळीएवढा जाड, पिवळा, पेरापेरांचा कंद बुडाच्या भोकातून निघून सरळ फरशीच्या भेगेत शिरला होता. सुफियाननं बोटानं त्या भेगेचा कोपऱ्यापर्यंत माग काढला. ती भिंतीखाली जात होती.

"पळता," तो म्हणाला. "पळालाय." त्याच्या आवाजात आता भीती कमी आणि दुसरंच काही जास्त होतं.

पलीकडच्या दाराचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं. मालकाला फोन करून परवानगी घेतली, आणि पोपट ग्राइंडर घेऊन आला. भर दुपार होती. ठिणग्या उडाल्या, कडी तुटली, आणि तिघांनी मिळून दार ओढलं.

आतून कोंदट, ओलसर वास आला. पावसाळ्यात छत गळून जमीन भिजलेली असावी. उन्हाची एक पट्टी आत गेली आणि पोपट "आई गं" म्हणून मागे सरला.

आत कुणीतरी उभं होतं, आणि ते एकटं नव्हतं.

पांढऱ्याफटक काठ्या, बोटाएवढ्या जाड, पान नाही, फांदी नाही, हिरवा ठिपका नाही. जमिनीच्या भेगाभेगांतून वर आलेल्या. काळोखात उजेड शोधत शोधत त्या छतापर्यंत गेल्या होत्या, छताला टेकून वाकल्या होत्या, आणि माना खाली घालून एकमेकींना लागून उभ्या असलेल्या बायकांसारख्या दिसत होत्या. सगळ्या त्या एकाच भिंतीला लागून. वरच्या झरोक्याची जाळी फुटली होती. तिथून वाऱ्याची झुळूक आली, एक पांढरी काठी हलली, आणि तिचं वाकलेलं टोक पत्र्यावर आपटलं. टक. टकटक.

सुफियाननं मोठ्यानं श्वास सोडला. तो हसायलाच लागला, कपाळ पुसत. "बघा. बघा जिजाताई. तुम्ही तिकडून ठोकलंत की पत्रा हादरतो, काठी सुटते आणि परत येऊन आपटते. म्हणून उत्तर आल्यासारखं वाटतं. वरून मेला आणि खालून इथं येऊन उगवला! काय चिवट जात आहे ही."

जिजाही हसली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. मग ती काठ्यांमधून वाट काढत भिंतीपर्यंत गेली आणि तिथे थबकली.

"आन् हे?" ती म्हणाली.

पत्र्याला पोचे पडले होते. काठीचं टोक आपटत होतं ते डोक्याच्याही वर. हे पोचे खाली होते, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. लहान लहान, एकाशेजारी एक, दाट. याच बाजूनं मारलेले. त्यांच्यावर चढलेला गंज कितीतरी वर्षांचा होता, बांबूच्या आधीचा, सुफियानच्या आधीचा. पोपटनं वाकून आपल्या मुठीची पेरं एका पोच्यात ठेवली. त्याच्या मुठीला तो पोचा लहान पडला. जिजानं ठेवली. तिला बरोबर बसला.

सुफियान बाहेरून वळसा घालून पहिल्या चेंबरमध्ये गेला आणि जिजा जिथे सापडली होती ती जागा पोपटनं त्याला ओरडून सांगितली. त्यानं तिथे पत्रा वाजवला. आवाज त्या पोच्यांच्या मधोमध आला.

"इथं कोन बसलं व्हतं रं?" पोपट हळूच म्हणाला.

पुढचे काही दिवस जिजा गावात, आजूबाजूच्या वाड्यांत विचारत फिरली. त्या वर्षांत कुणी बाई गेली होती का? कुणी हरवली होती का? जुन्या बायका आठवून सांगायच्या, की तेव्हा हंगामाला बाहेरून टोळ्या यायच्या, ट्रकनं यायच्या आणि ट्रकनं जायच्या. नावंसुद्धा कुणाला माहीत नसायची. कुणी हरवलं नव्हतं. निदान हरवल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्या खोलीत तर हाडूक की चिंधी, काहीच सापडलं नाही. सुफियाननं पोलिसपाटलाला बोलावून सगळी जमीन दाखवली. त्यानं पोच्यांवरून हात फिरवला आणि कधीकाळी गोण्या आपटल्या असतील म्हणून निघून गेला.

एका दुपारी सुफियानला जिजा त्या खोलीत दिसली. भिंतीला टेकून, पोच्यांना पाठ लावून, पाय पसरून बसली होती. पांढऱ्या काठ्यांमध्ये ती पटकन ओळखू आली नाही.

"घाबरत नाही तुम्ही?" त्यानं विचारलं.

"तिनं मला झोपू दिलं नाय," जिजा म्हणाली. "मी बाहेर गेले आन् ती आत ऱ्हायली. मी सांगितलं व्हतं, पन कुनी ऐकलं नाय. भ्यायचं तर तिनं मला भ्यायचं, भाऊ. मी कशाला भिऊ?" मग दाराकडे बोट करून म्हणाली, "एक करा. ह्या खोलीचं दार काढून टाका. बिजागरीसकट. परत कंदी लागायला नगं."

दार काढलं. त्याच्याखाली विटा लावून त्याचं रोपं लावायचं बाकडं केलं. छताचे दोन पत्रे काढून तिथे हिरवी जाळी बसवली. उजेडात पांढऱ्या काठ्या आठवड्याभरात लोळल्या, त्यांच्यात उभं राहायचं बळच नव्हतं. पण कंद खणून काढले, पेरापेरांवर तुकडे करून लावले, आणि त्यांतून हिरवे कोंब आले. आता टोपीवरचे डाग दिसले, पेरावरची पन्हळ दिसली, थोरली-धाकटी फांदी दिसली, पानातली विटांची भिंत दिसली. सुफियाननं पान उजेडाला धरलं आणि जातीचं लांबलचक नाव घेतलं. लगदा झालेल्या चिठ्ठीवर जे असायला हवं होतं तेच. पुढचे दोन हिवाळे त्याच कंदांच्या रोपांनी सगळ्यांत चांगले काढले. ऐन गोठणीत पानं सुईसारखी मिटायची आणि गारवा उतरला की सगळ्यांत आधी उलगडायची.

जिजाच्या मागोमाग गावातल्या आणखी बायका कामाला आल्या. नवीन आलेलीला जिजा आधी दाराचं हँडल दाखवते, आत उभं करून स्वतःच्या हातानं उघडायला लावते, मगच झाडांविषयी बोलते. पलीकडच्या खोलीत सगळ्या जेवायला बसतात. तिथे वारा छान येतो. भाकरी सोडताना जिजा एक तुकडा भिंतीशी ठेवते. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पहिली रोपं पहाडात गेली. पोपटनं ती मुंबईपर्यंत सोडली, या वेळी ताडपत्री दोनदा बांधून. सुफियान स्वतः बरोबर गेला आणि लावणी करून तिकडेच थांबला. जानेवारीत एका दुपारी जिजाला त्याचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलात सगळं पांढरं होतं. पहिल्यांदा तिला काही कळेना. मग दिसलं, की बर्फाच्या ओझ्यानं सगळे बांबू जमिनीला टेकले आहेत, शेंडे बर्फात गाडलेले. तिथली एक बाई, गालांवर थंडीचे लाल चट्टे, डोक्याला रुमाल, सुफियानच्या शेजारी विळा घेऊन उभी होती. डोलमा तिचं नाव. मेलेत म्हणते, कापून बकऱ्यांना घालू म्हणते, असं सुफियान सांगत होता.

"नको नको, कापू नको," जिजा मोबाइलाला सांगायला लागली, आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत. "ऐसा हिलाव भी मत. गोठेला है ना, हिलाया तो तुटेगा. धूप आने दे."

डोलमा खळखळून हसली आणि काहीतरी म्हणाली. सुफियान म्हणाला, "विचारतेय, तुमच्याकडं किती बर्फ पडतो?"

जिजानं आजूबाजूला पाहिलं. कापलेल्या भाताचे वाळलेले खुंट, हायवेवरचे ट्रक, उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. "सांगा तिला, आमच्याकडं बर्फ एकाच खोलीत पडतो."

तिकडे ढग सरले असावेत, कारण मोबाइलातला पांढरा रंग एकदम झगझगीत झाला. बराच वेळ काही झालं नाही. फोन ठेवू का, असं सुफियाननं विचारलं. जिजा नको म्हणाली. आणि मग बर्फातून एक शेंडा सुटला. सर्रकन वर गेला, अंगावरचा बर्फ चहूकडे उडवत, आणि वर जाऊन थरथरत उभा राहिला. थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा, मग तो अख्खा उतारच सळसळत उठायला लागला आणि डोलमा विळा टाकून टाळ्या वाजवायला लागली.

जिजा ओट्यावर बसून बघत राहिली. राजेश मागून येऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता, हे तिला फार उशिरा कळलं.

"उठले की गं," तो म्हणाला.

"उठनारच," जिजा म्हणाली, आणि मोबाइल त्याच्या हातात देऊन गोदामाकडे निघाली. नवीन रोपांना अजून पाणी घालायचं होतं.